तेलाच्या बाटलीवरची खूण

"कोलेस्टेरॉल वाढलंय, डॉक्टर गोळी घ्या म्हणतात. पण एकदा सुरू झाली की जन्मभर मागे लागेल ना?" साताऱ्यातल्या एका दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून बसते, आणि हा प्रश्न जवळजवळ दर आठवड्याला ऐकते. गोळी लिहून देणं डॉक्टरांचं काम. ती चिठ्ठी घेऊन घरी गेलेला माणूस गोळी न घेताच का परत येतो, हे समजून घेणं माझं.

सर असेच आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय 56, गणिताचे शिक्षक, अंगानं सडपातळ. रिपोर्टच्या फाइलमध्ये गोळ्यांची अख्खी पट्टी, एकही न फोडलेली. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 178 होतं, तीन महिने कडक पथ्य करून 162 वर आलेलं. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, कमी, 36. रक्तदाब काठावर. वडील 51व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले.

"त्यांचं वय मी केव्हाच ओलांडलं. म्हणजे आता धोका टळला, असं मी धरून चाललो होतो," सर म्हणाले.

असं खूप जण धरून चालतात. पण वडील किंवा भावाला 55च्या आत हृदयविकार झाला असेल, तर ती जोखीम आपल्या खात्यावर राहतेच. वय वाढतं तशी त्यात भर पडते.

मग सरांनी कागद काढला. नातेवाइकांनी मोबाइलवर पाठवलेल्या इशाऱ्यांची यादी होती: लिव्हर खराब होतं, साखर वाढते, पाय दुखतात. मी एकही इशारा हसण्यावारी नेला नाही. स्टॅटिनमुळे, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या या गोळीमुळे, लिव्हरला गंभीर इजा होणं फार दुर्मीळ आहे. तरी डॉक्टर आधी एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी बघतात. साखर थोडी वाढू शकते, मुख्यतः आधीच काठावर असलेल्यांची, सरांची नव्हती. पाय काही जणांचे खरंच दुखतात. मात्र त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांवर ब्रिटनमध्ये एक प्रयोग झाला, 2020 साली तो प्रसिद्ध झाला. त्यांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने तशीच दिसणारी खोटी, काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदवला गेला, त्यातला 90 टक्के खोट्या गोळीवरही झाला! दुखणं खरंच होतं, पण बहुतेक वेळा त्याचं कारण औषध नव्हतं.

सर मान डोलावत होते, पण पट्टीकडे बघत नव्हते. काहीतरी वेगळंच अडलंय, असं मला वाटत राहिलं. सरांच्या पत्नी, काकू, शेजारी गप्प बसल्या होत्या. त्यांना विचारलं, "घरी काय काय बदललंत?"

"तेलाच्या बाटलीला चिकटपट्टी लावली," त्या म्हणाल्या. "आठवड्याला तेवढंच. होळीला पोळीवर तूपसुद्धा वाढलं नाही ह्यांना. एवढं करूनही उतरलं नाही. माझंच कुठेतरी चुकलं असणार." आणि त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हा कळलं. गोळी घेतली तर हिनं तीन महिने केलेलं वाया गेलं असं होईल, म्हणून सर ती पट्टी फोडत नव्हते.

मी दोघांना सांगितलं, की शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते शरीर स्वतःच तयार करतं आणि त्यात मोठा वाटा लिव्हरचा असतो. पथ्यानं उतरतं ते साधारण एवढंच. 178चे 162 झाले ही काकूंची कमाई आहे. बाकीचं वडिलांकडून आलेलं असावं. स्टॅटिन लिव्हरमधली ही निर्मिती कमी करतं, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. त्याची सवय लागत नाही. बंद केली तर काही आठवड्यांत आकडा पुन्हा जुन्या जागी जातो, इतकंच.

सरांना मी शंभर चौकोन आखायला लावले. डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणे त्यांच्यासारख्या शंभर जणांपैकी दहांना पुढच्या दहा वर्षांत झटका किंवा पक्षाघात येऊ शकतो. त्यांनी लाल पेननं दहा चौकोन रंगवले. गोळीनं ते साधारण सहा-सातवर येतात. उरलेले नव्वद जण गोळी न घेताही ठीकच राहतील, हेही सांगितलं. ते लपवून घेतलेला होकार मला नको असतो. सरांनी तीन-चार चौकोनांवर बराच वेळ बोट ठेवलं.

सगळ्यांचं गणित असंच येत नाही. त्याच महिन्यात 38 वर्षांच्या एक बाई आल्या होत्या. एलडीएल 150, दुसरी कुठलीच जोखीम नाही, पण टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, खूप वाढलेलं. थायरॉइडचे उपचार झाले, कोलेस्टेरॉल आपोआप खाली आलं. त्यांना स्टॅटिन लागलंच नाही. उलट आधी झटका येऊन गेलेल्याला किंवा एलडीएल 190च्या वर असलेल्याला मी "बघू, विचार करू" म्हणत बसू देत नाही, लगेच डॉक्टरांकडे पाठवते.

सरांनी ठरवलं, तीन महिने घ्यायची, मग पुन्हा रक्त तपासायचं. तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या दुखू लागल्या. त्यांनी मनानं गोळी बंद केली नाही, फोन केला. डॉक्टरांनी सीपीके तपासलं (स्नायूंना इजा झाली तर हे रक्तात वाढतं), ते नॉर्मल होतं. डोस तोच ठेवला. दुखणं पंधरा दिवसांत थांबलं. तीन महिन्यांनी एलडीएल 96.

रिपोर्ट दाखवायला दोघं आले होते. काकू म्हणाल्या, बाटलीवरची खूण आहे तशीच ठेवलीय. फक्त पुढच्या होळीला पोळीवर चमचाभर तूप वाढलं तर चालेल का, हे विचारायचं होतं.