टी पेशींच्या हालचालीचा त्यांच्या घडणीशी आणि स्मृतीशी काय संबंध?

टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, शरीरभर फिरतात त्या केवळ रोगजंतू शोधण्यासाठी, की या फिरण्याने त्यांची घडणही ठरते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, पेशी कोणत्या टप्प्यावर कुठे पोहोचते यावरच तिचे पुढचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते.

हा विषय शिकवताना मी आधी फळ्यावर, टी पेशी जिथे घडतात त्या छातीतील थायमस ग्रंथीचा छेद काढतो. अस्थिमज्जेतून आलेली पूर्वज पेशी रक्तावाटे या ग्रंथीच्या बाह्य थराच्या आणि गाभ्याच्या सीमेवर उतरते, तेथून बाहेरच्या कडेपर्यंत जाते आणि मग पुन्हा आत वळते. शरीराचे स्वतःचे एमएचसी रेणू (पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवणारे रेणू) तिला ओळखता येतात की नाही, याची परीक्षा बाह्य थरात होते. त्यात टिकलेल्या पेशीवर सीसीआर७ हा ग्राही (रासायनिक संकेत ओळखणारे प्रथिन) येतो व तिला गाभ्याकडे नेतो. गाभ्यातील काही पेशी, एरवी इतर अवयवांतच तयार होणारी इन्सुलिनसारखी प्रथिने, एआयआरई जनुकाच्या मदतीने थोडीथोडी बनवत असतात; त्यांना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक टी पेशी तेथेच नष्ट होतात, तर काही इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या नियामक पेशी बनतात. ज्या उंदरांत सीसीआर७ नसतो, त्यांच्यात पेशी गाभ्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि शरीर स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करू लागते. हा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो, कारण येथे बिघाड फक्त वाटेत आहे.

बाहेर पडण्याची वाटही अशीच राखलेली असते. एस१पी हा स्निग्ध रेणू रक्तात जास्त आणि ऊतींत कमी असतो. परिपक्व पेशी त्याच्या ओढीने रक्तात उतरते. मात्र पेशीच्या पृष्ठभागावर सीडी६९ हे प्रथिन असेपर्यंत एस१पीचा ग्राही तेथे टिकत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतासंस्थेच्या आजारावरील फिंगोलिमॉड हे औषध याच ग्राहीवर काम करून लिम्फोसाइट पेशींना (टी पेशी याच गटातल्या) लसिका ग्रंथींत अडकवून ठेवते.

पूर्वीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशींची विभागणीही पत्त्यावरूनच होते. १९९९ मध्ये सालुस्तो, लान्झावेकिया आणि सहकाऱ्यांनी सीसीआर७ असलेल्या व नसलेल्या स्मृतिपेशी वेगळ्या ओळखल्या: पहिल्या लसिका ग्रंथींत फेऱ्या मारतात, दुसऱ्या ऊतींकडे वळतात. पुढे तिसरा गट स्पष्ट झाला. त्वचा, फुप्फुस, आतडे येथे संसर्गानंतर मुक्काम करणाऱ्या या पेशी सहसा रक्तात परततच नाहीत, आणि त्यांना रोखून धरण्यात पुन्हा तोच सीडी६९ हातभार लावतो. त्यामुळे केवळ रक्ताच्या नमुन्यावरून स्मृती मोजली, तर हा गट जवळजवळ पूर्णपणे हिशेबाबाहेर राहतो.