जाहिरातीआधीचं एक पान

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

देवगडच्या आंबा बागायतदारांसाठी तू पाठवलेल्या ओळी वाचल्या. ‘अस्सल चवीचा अविस्मरणीय अनुभव’ ही ओळ आंब्याला चालते, श्रीखंडाला चालते आणि चहालाही चालते. पण एआयला तू काय सांगितलं होतंस? ‘हापूससाठी आकर्षक जाहिरात लिही.’ एवढ्यावर मीसुद्धा दुसरं काही लिहू शकलो नसतो.

या साधनाने ढिगाने जाहिराती वाचल्या आहेत. सगळे जे म्हणतात ते त्याला पाठ आहे. आपल्या बागायतदारांची मात्र त्याला काही ओळख नाही, आणि नवीन चॅट उघडलं की अनेकदा पाटी पुन्हा कोरी होते. ती ओळख आपणच करून द्यायची.

जाहिरात क्षेत्रातले दिग्गज डेव्हिड ओगिल्वी यांच्याकडे रोल्स-रॉइस गाडीच्या जाहिरातीचं काम आलं तेव्हा ते ३ आठवडे त्या गाडीविषयी नुसतं वाचत होते. ताशी ६० मैलांच्या वेगाला गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो घड्याळाचा, ही १९५८ची गाजलेली हेडलाइन त्यांना त्या वाचनातच सापडली. ते वाचन आजही आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून साधनाला द्यायला आधी बागायतदारांविषयी एक पान लिही. त्यात ‘पारंपरिक, विश्वासार्ह, दर्जेदार’ असले शब्द घालू नकोस. त्यातून साधनाला काहीच कळत नाही. आंबा गवताच्या अढीत पिकतो, कार्बाइड वापरत नाहीत, पेटी ५ डझनांची असते, फळ थोडं कच्चंच पाठवतात, असं लिही.

गेल्या एप्रिलमध्ये मी आपल्या या बागायतदारांच्या पडवीत बसलो होतो. पेट्या भरणं चालू होतं. पुण्याहून एका बाईंचा फोन आला, आंबे हिरवेच आलेत म्हणून. हातातलं फळ गवतावर ठेवून ते म्हणाले, ‘काकू, घाई करू नका. गवतातच राहू द्या, वर गोणपाट टाका. घरभर वास सुटला की मग पेटी उघडा.’ मी ते तिथेच बिलाच्या मागे उतरवून घेतलं. त्या तीन वाक्यांत त्यांचा अख्खा ब्रँड आहे. हा माणूस विकून मोकळा होत नाही, आंबा पिकेपर्यंत गिऱ्हाइकासोबत थांबतो. हे बोलणं जसंच्या तसं पानावर घाल, एक शब्दही सुधारू नकोस. त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोपही मागून घे. गिऱ्हाईक फोनवर काय काय विचारतं तेही उतरव: साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) निघाला तर? पेटी फ्रिजमध्ये ठेवू का? (गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर मात्र साधनात टाकायचे नाहीत. ती आपली मालमत्ता नाही.)

काय म्हणायचं नाही, हेही तितकंच स्पष्ट लिही. देवगड सिंधुदुर्गात आहे. सांगितलं नाहीस तर साधन बेधडक ‘रत्नागिरी हापूस’ लिहून मोकळं होईल. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांसाठी. अशा ठिकाणी चूक झाली की बागायतदारांची पत जाते. ‘साका निघणारच नाही’ असं वचन देऊ नये, कारण साका बाहेरून दिसत नाही. ‘मधुमेहींनाही चालतो’ हे तर अजिबात नको. ‘देशात क्रमांक एक’ म्हणायचं तर पुरावा हातात हवा.

मग नमुने. त्यांना आवडलेल्या दोन-तीन ओळी दे, आणि नाकारलेल्याही दे, का नाकारल्या त्या कारणासकट. माझ्या अनुभवात नाकारलेल्या ओळींनीच साधन लवकर ताळ्यावर येतं. ‘बॉक्स’ नको, ‘पेटी’. ‘आपण’ नको, ‘तुम्ही’. चाळीस पानी ब्रँड पुस्तिका मात्र अख्खी ओतू नकोस, त्यात कामाचं हरवतं.

हे पान साधनातल्या प्रोजेक्टच्या (एका कामाच्या सगळ्या चॅटचा कप्पा) कायमच्या सूचनांमध्ये ठेव, म्हणजे दर वेळी नव्याने सांगावं लागणार नाही. हंगाम सरला की दर आणि तारखा बदलायला विसरू नकोस.

सोमवारी त्यांना फोन कर. दुपारी दोननंतर, सकाळी ते बागेत असतात. पान झालं की आधी तेच मला पाठव, ओळी नंतर बघू.