कृषी सल्ला : अंजीर सुपारीएवढं होऊन का गळतं?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

या पंधरवड्यात अंजिराबद्दल तीन प्रश्न आले. पहिला: "झाडाला फूल दिसलंच नाही, एकदम फळ लागलं आणि सुपारीएवढं होऊन गळून गेलं. असं का?" दुसरा: "गिऱ्हाईक विचारतं, अंजिरात किडा असतो म्हणे, खरं का?" तिसरा: "कच्चं काढून आंब्यासारखी अढी घातली तर चालेल का?" पहिल्या दोन प्रश्नांचं मूळ एकच आहे, तिथूनच सुरुवात करतो.

क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. अंजीर हे त्या उंबराचंच भावंड. करंगळीच्या पेराएवढं हिरवं अंजीर घ्या आणि ब्लेडने उभं चिरा. आधी पांढरा चीक येईल, तो पुसा. आत पोकळी दिसेल आणि तिच्या भिंतीला आतून चिकटलेले शेकडो बारीक तंतू दिसतील. तीच फुलं. आपण ज्याला फळ म्हणतो ती फुलांची बंद पिशवी आहे, आणि बुडाशी जो डोळा असतो तेवढंच तिचं दार.

तुर्कस्तानात इझमीरच्या, म्हणजे जुन्या स्मर्नाच्या भागात सुकवण्यासाठी ज्या जाती लावतात, त्यांना या दारातून आत शिरणारी गांधीलमाशीच्या नात्यातली एक इवलीशी माशी लागते. ती रानटी नर अंजिरातून पराग आणते. ती नसेल तर फळ लहानपणीच गळतं. कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी या जाती नेल्या तेव्हा त्यांनीही वर्षानुवर्षं हीच गळ सोसली. १८९९ मध्ये ही माशी तिथे रुजली, तेव्हा कुठे त्यांच्या झाडांवर फळ टिकलं. प्रश्न विचारणाऱ्या बंधूंनी रोपं 'सुकवायची परदेशी जात' म्हणून घेतली आहेत, त्यामुळे माझा पहिला संशय जातीवरच आहे. पाण्याची ओढाताण झाली तरी फळ गळतं, तेही तपासा. पण ज्या जातीला ती माशी हवी, तिच्यावर खताचा खर्च करून उपयोग नाही. नवीन लागवड करणाऱ्यांनी रोपवाटिकेत जातीचं नाव विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपल्या पुना अंजिराला परागीकरण लागत नाही, दिनकर जातीलाही नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. त्या माशीवाचूनच आपलं अंजीर पोसतं आणि पिकतं. गिऱ्हाइकाला निःशंकपणे सांगा. मात्र फळ जास्त पिकून डोळा उघडला, की मुंग्या आणि बारीक भुंगे आत शिरतात, म्हणून तोडणी वेळेवर हवी.

आता अढीचं. कृपा करून घालू नका. कच्चं तोडलेलं अंजीर मऊ पडेल, पण त्यात गोडी उतरणार नाही. साखर भरते ती झाडावरच. पिकलेलं फळ मान टाकतं, रंग बदलतं आणि बोटाला मऊ लागतं. तोडताना देठातून चीक थबथबला तर त्या फांदीवरची तसलीच फळं आणखी एक-दोन दिवस ठेवा. तोडणी पहाटे करा. हातमोजे घाला, कारण हा चीक कातडी सोलवटतो आणि चीक लागलेल्या जागी ऊन लागलं तर आग वाढते. तोडलेलं फळ एक-दोन दिवसांत विकलं गेलं पाहिजे. म्हणून बाजारपेठ किती तासांवर आहे, हे लागवडीच्या आधी मोजा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या भागाला हवा आणि माती तर मानवलीच, पण पुण्याचं गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर होतं, हेही विसरू नका.

जमीन मध्यम आणि निचऱ्याची हवी, थोडी चुनखड चालते. पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या रानात हे झाड लावू नका. अंतर ५ बाय ५ मीटर ठेवलं तर एकरी साधारण १६० झाडं बसतात. फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून ताण देऊन, म्हणजे काही काळ पाणी तोडून, छाटणी करावी लागते. खट्टा आणि मीठा या दोन बहारांपैकी, म्हणजे फळं धरण्याच्या हंगामांपैकी, नवख्याने मीठा धरावा. उन्हाळ्याच्या तोंडाला येणारं ते फळ गोड असतं आणि पावसाच्या तडाख्यातून वाचतं. फळ पोसताना पाणी नियमित द्या. कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलंत तर फळ तडकतं.

पानाच्या खालच्या बाजूला तांबूस भुकटी दिसली तर तो तांबेरा. गळालेली पानं वेचून नष्ट करा आणि १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी.

एका ताईंनी विचारलं आहे, उरलेली फळं घरी सुकवावीत का? घरापुरती जरूर सुकवा. पण पुना अंजिरात साखर कमी आणि पाणी जास्त, त्यामुळे दोऱ्यात ओवून येणाऱ्या अफगाणी अंजिराची बरोबरी होणार नाही. आपलं अंजीर ताजं खाण्याचं आहे. धुवा, देठ काढा, दोन्ही अंगठ्यांनी उकला आणि सालीसकट खा.