खाणगावात वाढलेले लोक फुटबॉलचे इतके मोठे प्रशिक्षक कसे झाले?

स्कॉटलंडमधले तिघे बघा: मॅट बझ्बी, बिल शँक्ली आणि जॉक स्टीन. तिघेही कोळसा खाणींच्या पट्ट्यातले आणि तिघांनीही तरुणपणी खाणीत काम केलेलं. स्टीन तर वयाच्या सत्ताविशीपर्यंत आठवडाभर खाणीत उतरायचे आणि शनिवारी सामना खेळायचे.

माझ्या मते खरी शिकवण खाणीतच मिळाली. खाली अंधारात शेजारच्या माणसाने हयगय केली तर तुमचा जीव जातो. तिथे कुणी एकटा हिरो नसतो. शँक्ली १९५९ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबला प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. त्यांच्या काळात खेळाडू ॲनफील्डवर, म्हणजे क्लबच्या घरच्या मैदानावर, कपडे बदलायचे, एकाच बसने सरावाच्या मैदानावर जायचे, घामेजलेल्या अंगानेच परत यायचे आणि मग एकत्र जेवायचे. मला तर यात पाळीवर निघालेली कामगारांची टोळीच दिसते. १९६४ साली हाच संघ इंग्लंडच्या लीगचा विजेता झाला.

स्टीन यांच्या सेल्टिक या ग्लासगोच्या क्लबने १९६७ साली लिस्बनमध्ये इटलीच्या इंटर मिलानला २-१ हरवून युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकला. त्या संघातले सगळे खेळाडू ग्लासगोच्या तीसेक मैलांच्या परिसरात जन्मलेले! पुढच्याच वर्षी तो कप बझ्बींच्या मँचेस्टर युनायटेडने नेला.

अर्थात खाणीत हजारो मुलं राबली, प्रशिक्षक मोजकेच झाले. शँक्लींच्या ग्लेनबक या चिमुकल्या गावातून मात्र डझनावारी व्यावसायिक खेळाडू निघाले, कारण खाणीतून सुटका करून घ्यायचा तोच एक सन्मानाचा रस्ता होता.