पाच-दोनवरून हरलेल्या मुलीला

"मावशी, मी रत्नागिरीची, वय १६. कोल्हापूरच्या टेनिस स्पर्धेत तिसऱ्या सेटला ५-२ पुढे होते, तरी मॅच घालवली. बाबा म्हणतात, हवेत गेलीस. सर म्हणतात, घाबरलीस. स्वतःवर नेमका किती विश्वास ठेवायचा?"

अगं, दोघांचंही खरं असेल. ५-२ला तू मनातल्या मनात आईला फोन लावून मोकळी झालीस, आणि ५-४ला हात आखडला. अर्ध्या तासात दोन्ही होतं. १९९३च्या विम्बल्डन फायनलमध्ये याना नोवोत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटला ४-१ पुढे होती, ५-१ व्हायला एकच पॉइंट हवा होता. डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या, आणि मग एकही गेम तिला मिळाला नाही. तीच नोवोत्ना १९९८ला विम्बल्डन जिंकली.

'किती' याचं उत्तर मोजून काढ. प्रॅक्टिसच्या शेवटी, पाय दमलेले असताना, ३०-४० पिछाडीवर आहेस असं समजून दहा वेळा दुसरी सर्व्हिस (पहिली चुकल्यावरची) मार. वहीत आकडा लिही. आपल्याकडे दुपारनंतर खारा वारा सुटला की टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू, भलतीकडे जातो. तेव्हाचा आकडा वेगळा लिही. आठ आत पडत असतील तर आठांवर बिनधास्त विसंबून राहा. पाचच पडत असतील, तर आरशासमोर 'मी जिंकणार' म्हणून सहावी आत पडायची नाही. टॉस सुधारावा लागेल. (ते आरशाचं खूळ कोणी काढलं देव जाणे.)

कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचावर आहे, तिथे चेंडू जरा लांब जातो. आपल्या दमट हवेत तो जड होतो. एक दिवस आधी जाऊन मारून बघितलंस का?

पॉइंट गेला म्हणून डोक्याला हात लावू नकोस. फेडरर कारकिर्दीत जवळपास ८० टक्के सिंगल्स मॅच जिंकला, पण पॉइंट ५४ टक्केच. दोन पॉइंटांमध्ये २५ सेकंद असतात. तेवढ्यात पाठ फिरव, रॅकेटच्या तारा नीट कर आणि पुढची सर्व्हिस कुठे टाकायची एवढंच ठरव. स्कोअरचं गणित बाबा बाहेर बसून करतातच.

त्यांना माझं नाव घेऊन सांग, परतताना साखरपा येईपर्यंत मॅचचा विषय काढायचा नाही. आंबा घाट उतरून चहाला थांबलात की बोलू देत काय ते. तोवर तुझं रडूनही झालेलं असेल.