खाजणं कुणाचं शोषण करतात?

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका वाचकाचा प्रश्न: मंडळाच्या प्रदर्शनासाठी खाजणांवर (भरतीचं पाणी शिरतं त्या किनाऱ्यावरच्या दलदलीवर) फलक लिहितोय. ‘खाजणे कार्बन डायऑक्साइडचे शोषण व विनिमय करतात’ हे बरोबर की ‘शोषून घेतात’ म्हणू?

‘शोषून घेतात’ म्हणा. शोषण सावकार करतो. हल्ली जो उठतो तो झाडांकडून कार्बनचं शोषण करवतो. एक दिवस कार्बन मोर्चा काढेल. परिभाषावाले म्हणतील, शास्त्रात हेच रूढ आहे. असेल. पण टॉवेल पाण्याचं शोषण करतो असं त्यांच्या घरी तरी कुणी म्हणतं का?

खरी गंमत धातूत आहे. ‘शुष शोषणे’ असं धातुपाठ (संस्कृत धातूंची जुनी यादी) सांगतो, आणि शुष् म्हणजे वाळणं, कोरडं पडणं. घशाला शोष पडतो तो हाच. शुष्क, सुकं, सुकट सगळी याचीच पिलावळ. नटण्यामुरडण्याचा ‘सोस’ही यातलाच, असा माझा लाडका तर्क आहे: घसा कोरडा पडेस्तोवर हवंहवंसं वाटणं. पण मानाचं पान ‘खुष्की’ला. आपण खुष्कीचा मार्ग म्हणतो ना, पाण्यावाचूनचा? तो फारसी खुश्क म्हणजे आपल्या शुष्कचा सख्खा भाऊ. आमच्या दांडियाबाजारातले एक संस्कृतपंडित यावर दरवेळी उसळतात: ‘श’चा ‘ख’ कसा होईल? अहो, ‘श’चा नाहीच होत! शुष्कमधला पहिला ‘श’ मुळात ‘स’ होता, पुढच्या ‘ष’च्या संगतीने बिघडला. ‘स’चा इराणी ‘ह’ होतो हे सप्ताह-हफ्ता म्हणणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, अवेस्तात, ‘हुष्क’ आहे, त्याचं पुढे खुश्क झालं. पंडितजींना व्याकरण येतं, शेजार दिसत नाही. ज्या बडोद्याने 1931 साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू या राज्यकारभाराच्या बहुभाषी कोशात संस्कृत आणि फारसी एका पंगतीला बसवल्या, तिथे ही सोवळेगिरी!

तर जे खाजण दिवसातून दोनदा भिजतं, त्याला आपण वाळवण्याचा धातू लावतो. खंबातच्या आखाताकाठी कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला जाता तेव्हा ओहोटीत जरा खाली चिखलापाशी उतरून बघा. पाय पोटरीपर्यंत जातो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. नाक मुरडू नका, सगळी मेख त्या वासात आहे. चिखलात प्राणवायू नाही, म्हणून तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात, वास त्यांचा. त्यांच्यापुढे मिथेन बनवणाऱ्यांचं फारसं चालत नाही, आणि कुजणंही रेंगाळतं. तिवरांनी (इथले लोक चेर म्हणतात) हवेतून घेतलेला कार्बन मेलेल्या मुळा-पानांबरोबर गाळात गाडला जातो आणि शतकानुशतकं पडून राहतो. ‘ब्लू कार्बन’ म्हणतात तो यालाच. बांध घालून ते खाजण वाळवा, म्हणजे धात्वर्थाने ‘शोषण’ करा: चिखलात हवा शिरते आणि जुना साठा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. धातूप्रमाणे वागलात तर फलकावरचं वाक्य उलटं होतं!

हो, विनिमय राहिलाच. ‘देवघेव’ लिहा. दिवसा पानं घेतात, रात्री झाडं सोडतात, उघडा चिखल सोडतो, आणि पाण्यात विरघळलेला बराच कार्बन ओहोटी समुद्राकडे घेऊन जाते. मराठीत देणं आधी येतं, गुजरातीत लेवडदेवड, घेणं आधी. (‘आप-ले’ही म्हणतात, ते तूर्त विसरू.) खाजणात देणं कमी आणि घेणं जास्त, तेव्हा गुजराती फलकावर लेवडदेवडच शोभेल.