बेडच्या खरेदीचं नंतर बघू, आधी पॉलिसीचं पहिलं पान वाचा

पिंपरीहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३४, महिन्याला हातात ८२ हजार येतात, बाळ झाल्यावर बायकोने नोकरी सोडली. घराचा हप्ता ३१ हजार, कर्ज अजून ३८ लाख बाकी, घरखर्च साधारण ३५ हजार. मुलगा २ वर्षं ४ महिन्यांचा. गेल्या आठवड्यात पहाटे तो क्रिबच्या कठड्यावर पाय टाकून बाहेर पडला, कपाळाला टेंगूळ आलं. आता दुकानात गाडीच्या आकाराचा बेड बघितलाय, गादीसकट ७२ हजार. विचारलंय एवढंच की १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ की दीड लाखाची एफडी मोडू? आणि शेवटी एक ओळ: 'बाकी मुलाची सोय केलेली आहे, चाइल्ड प्लॅन आहे, मला कंपनीचं २० लाखांचं कव्हर आहे.' सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो.

बेडचं आधी सांगतो, कारण पोराला लागलंय. मूल कठडा चढायला लागलं की क्रिबचा उपयोग संपला, उंची ३५ इंचांच्या (८९ सेंटीमीटर) पुढे गेली तरी संपला, त्यामुळे आज रात्रीपासून त्याला क्रिबमध्ये ठेवू नका. सहा बाय तीनची गादी जमिनीवर टाका, भिंतीला आणि गादीला मध्ये फट राहू देऊ नका, त्यात मूल अडकतं. आमची मुलगी सात-आठ महिने अशीच खाली झोपली, लोळत लोळत फरशीवर जायची आणि तिथेच झोपायची. पुढे सुताराकडून फुटभर उंचीचा साधा बेड करून घ्या, एका बाजूला छोटा कठडा, १२-१५ हजारांत होतो आणि कॉलेजपर्यंत चालतो. गाडीच्या आकाराचा बेड पाच-सहा वर्षांत आखूड पडेल, त्याच्या आधीच पोराला त्याचा कंटाळा येईल. खरा खर्च वेगळाच आहे आणि तो पाचशे रुपयांच्या आतला आहे. पोरगं आता रात्री एकटं उठून घरभर फिरणार, म्हणून कपाट आणि ड्रॉवरचं युनिट क्लॅम्पने भिंतीला पक्कं करा, बाल्कनीच्या दाराला वर कडी लावा, बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवू नका.

नो-कॉस्ट ईएमआय फुकट नसतो हो. व्याज डिस्काउंट म्हणून दाखवतात पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता, वर प्रोसेसिंग फी, आणि रोख घेतलं असतं तर दुकानदाराने कमी केले असते ते पैसेही गेलेच. ८२ मधून ३१ आणि ३५ गेले, उरले १६, त्यातले महिन्याला आठेक हजार पॉलिसीला जातात, मग ६ हजारांचा हप्ता भरल्यावर हातात काय उरणार? आणि एफडीला हात लावू नका, दीड लाख म्हणजे तुमचा सव्वादोन महिन्यांचा खर्च, घरात रोकड म्हणावी अशी तेवढीच आहे.

आता त्या फोटोकडे येतो. मी तो मोठा करून तीनदा वाचला. 'लाइफ अश्युअर्ड' समोर मुलाचं नाव आहे, तुमचं नाव 'प्रपोजर' (पॉलिसीचा अर्ज करणारा) समोर आहे. म्हणजे विमा त्या सव्वादोन वर्षांच्या बाळाचा आहे, १० लाखांचा. त्याच्या कमाईवर घरात कोण अवलंबून आहे? घर तुमच्या पगारावर चाललंय, आणि तुमच्या जिवावर या पॉलिसीत एक रुपयाचंही कव्हर नाही. रायडरच्या (मूळ पॉलिसीला जोडायच्या जादा कव्हरच्या) रकान्यात काही लिहिलेलं नाही, म्हणजे प्रीमियम वेव्हरही (पालक गेला तर पुढचे हप्ते माफ) घेतलेला नाही, उद्या तुम्हाला काही झालं तर हे हप्तेसुद्धा तुमच्या बायकोने भरायचे. कंपनीचं २० लाखांचं कव्हर नोकरी असेपर्यंतच, आणि कर्ज ३८ लाखांचं. बँकेतल्या ज्या माणसाने ही पॉलिसी गळ्यात मारली त्याला तुमचं कर्ज माहीत होतं, पगार माहीत होता, बायको घरी आहे हेही माहीत होतं, याचा मला मनापासून राग येतो.

परताव्याचं बघा. वर्षाला १ लाख, १२ वर्षं, आणि पॉलिसीला वीस वर्षं झाली की २४ लाख. 'दुप्पट होतात सर' असं सांगितलं असेल. हा दर पडतो पाच टक्क्यांच्याही खाली. महागाई सहा टक्के धरली तर १८ वर्षांनी मिळणारे २४ लाख म्हणजे आजचे साडेआठ लाखसुद्धा नाहीत, त्यात इंजिनिअरिंग होईल ही आशा सोडा.

दोन हप्ते भरलेत, दहा बाकी आहेत. अशी पॉलिसी दोन हप्त्यांनंतर बंद केली तर भरलेल्यातले निदान ३० टक्के परत मिळतात, म्हणजे ६० हजार, १ ऑक्टोबर २०२४ नंतरची पॉलिसी असेल तर नव्या नियमाने जास्त मिळू शकतात. आपण ६० हजारच धरू. १ लाख ४० हजार बुडाले म्हणून जीव तुटतो, मला कळतं, पण पुढचे दहा लाख त्यांच्यामागे पाठवायचे का हा प्रश्न आहे. दरवर्षीच्या लाखातले १५ हजार तुमच्या टर्म इन्शुरन्सला (फक्त जिवाचं कव्हर, परतावा नाही) द्या, उरलेले ८५ हजार दहा वर्षं पीपीएफमध्ये आणि ते ६० हजारही तिथेच, आजचा ७.१ टक्के दर टिकला तर १८ वर्षांनी जवळपास २४ लाखच होतात. (मधल्या वर्षांत खातं चालू ठेवायला वर्षाला ५०० भरावे लागतात, विसरू नका.) तेवढेच पैसे, आणि वर तुमच्या जिवावर सव्वा कोटीचं कव्हर.

सव्वा कोटी का? ३८ लाख कर्जाचे गेले, ८७ उरले. महिना ३५ हजार म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार, व्याज आणि महागाई एकमेकांना खातात असं धरलं तर वीस वर्षं घर चालतं, पोरगा बावीसचा होतो. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगरेट नसेल तर, साठीपर्यंतचं कव्हर १५ हजारांच्या आसपास मिळायला हवं, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. तंबाखू असेल तर फॉर्मवर खरं लिहा, प्रीमियम वाढला तरी चालेल, नाहीतर क्लेमच्या वेळी बायकोला भांडत बसावं लागेल. आणि पॉलिसी एमडब्ल्यूपी (मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी) कायद्याखाली घ्या, म्हणजे पैसे बायको-मुलाचेच राहतात, कुणी देणेकरी हात लावू शकत नाही. हे फॉर्म भरतानाच सांगावं लागतं, नंतर जोडता येत नाही.

क्रम चुकवू नका. आधी टर्मची मेडिकल, मग पॉलिसी हातात, मगच जुनी बंद. जुन्या पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू (आत्ता बंद केली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप व्हॅल्यू (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवली तर राहणारी रक्कम) दोन्ही विमा कंपनीकडून ईमेलवर मागवा, फोनवर कुणी सांगितलेलं धरू नका. विनंती गेली की बँकेतून फोन येईल, 'थोडं थांबा सर' म्हणतील, नाहीतर हे पैसे नव्या युलिपमध्ये (बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी) वळवून देतो म्हणतील, दोन्हीला नाही म्हणा. तुमचा तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस पिरियड (तारखेनंतरची मुदत) मिळतो, म्हणजे दोन महिन्यांच्या आसपास वेळ आहे. ते दोन आकडे आले की मला कळवा, पेड-अप करून ठेवायची की सरेंडर करायची ते त्यावरून ठरवू, आणि क्रिब विकून जे काही येईल त्यातून सुताराला अॅडव्हान्स द्या.